अक्काने पाहिलेला तळ

माझी चुलती झुंबरबाई, अख्ख्या आळीची अक्का. तिने तीस वर्षांत चाळीसेक विहिरी खोदल्या आणि एकीचाही तळ पाहिला नाही. एरंडोल तालुक्यात कुणी विहीर खोदायला धरली की बोलावणं तिच्या नवऱ्याच्या, तोतारामआबाच्या टोळीला. पुरुष खाली सुरुंग लावायचे, घण मारायचे. बायका वर उभ्या राहून, यारीच्या दोराने वर ओढलेल्या टोपल्या डोक्यावरून लांब नेऊन ओतायच्या. खोदत्या विहिरीत बाई उतरली की पाणी पळून जातं, अशी या धंद्यातली समजूत.

या समजुतीचा मला मनस्वी राग. कारण आबा काही जुनाट माणूस नव्हे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्याने घरातले देव काढले, नवस बंद केले, भुताखेताचं कुणी बोललं तर भर रस्त्यात वाद घालायचा. ही एक गोष्ट मात्र सुटली नाही. म्हणायचा, “हाई देवनं नही, धंदानं शे.” धंद्याचं म्हटलं की याच्यापुढे बोलणंच खुंटलं!

अक्का भांडायची नाही. टोपलीतला एखादा खडा उचलायची, बोटांनी चुरायची, हुंगायची आणि म्हणायची, “आखो दोन हात.” दोन हातांवर पाणी लागायचंच. लोक आबाच्या पाठीवर थाप मारायचे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दसऱ्याला मी माझी मॅटॅडोर नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायची ठरवली. मागे दोन गाद्या, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, दादर ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, असा संसारच चाकांवर मांडला. आबा-अक्का आले. जिथे झाड दिसेल तिथे गाडी थांबायची आणि अक्का चहा टाकायची. आबाचं लक्ष मात्र रस्त्याकडेच्या विहिरींकडे. कुणाचं बांधकाम वाकडं, कुणाचं पाणी उथळ, हे तो चालत्या गाडीतून सांगायचा.

नागपूरच्या गर्दीत आमच्या गावचा निंबा भेटला. तो चंद्रपूरकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत पंपावर होता. “जय भीम” झालं, विचारपूस झाली आणि निंबा सहज बोलून गेला, “आबा, आमनी खान म्हंजे तुमन्या हजार विहिरी एकजागे.” आबाचे डोळे चमकले. पण बोलली अक्का. “भिकन, गाडी तठे ले,” ती मला म्हणाली. “बठ्ठा जलम वरच गया. माले तय देखना शे.”

तळ पाहायचंच काय, तिने जन्मात काहीच मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी लगेच गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाणीच्या फाटकावर. निंबाने त्याच्या इंजिनियर साहेबांना विचारून ठेवलं होतं. साहेब भला माणूस. चार हेल्मेटं आणली, जीप काढली. अक्काने पदरावरून हेल्मेट चढवलं आणि जीपकडे निघाली, तोच आबा आडवा आला.

“साहेब, माले लई चला, पन हिले नको. बाई उतरनी का पानी पयी जास.”

अक्का जागीच थांबली. हेल्मेट काढायला तिचा हात वर गेला. मला वाटलं, आता आबाला चार शब्द सुनवावेतच. पण साहेबांनी आधी विचारलं, “काय म्हणता? पाणी पळून जातं?”

“खरंच साहेब.”

“अहो, आमचे चार पंप रात्रंदिवस पाणी उपसतात! दोन दिवस बंद पडले तर खाणीचं तळं होईल. बाई, तुम्ही पुढच्या सीटवर बसा. आधी तुम्हालाच खाली नेतो.”

निंबा पोट धरून हसला. सगळे जीपमध्ये बसलो.

जीप वळणावळणाने उतरत राहिली. माणसापेक्षा उंच चाकांचे डंपर शेजारून वर जात होते. तळाला काळंभोर पाणी साचलं होतं आणि पंप धडधडत होते. अक्का उतरली, पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पाणी तसूभर हललं नाही.

मग तिने मान वर केली आणि कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिली. वर काळी माती, खाली पिवळा गाळ, मग वाळूचा खडक, मग कोळसा. जन्मभर जे तिच्या डोक्यावर टोपली-टोपलीने आलं होतं, ते आज तिच्यासमोर सलग उभं होतं. तिने बोट दाखवलं. “तो पिवया पट्टा देखा. पानी तठून येस.”

साहेब चकित झाले. “बरोबर! आम्हाला हे कळायला सहा महिने लागले. तुम्हाला कुणी शिकवलं?”

उत्तर आबाने दिलं, खाली बघत. “चाळीस विहिरींस्ना पानी हिनीच सांगं. नाव मनं व्हयनं.”

पाणी तिने सांगितलं आणि नाव त्याचं झालं, हे आबाच्या तोंडून ऐकण्यासाठी मी चंद्रपूरच काय, कलकत्त्यापर्यंत गाडी हाकली असती.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर एका लिंबाखाली गाडी लावली. अक्काने स्टोव्ह पेटवला. आबाने चिलीम न पेटवताच बाजूला ठेवली. मग म्हणाला, “दिवाळीनंतर आपला गावना आधारभाऊनी विहीर धरनी शे. तू बी खाले उतर.”

अक्काने साखरेचा डबा तसाच हातात धरून विचारलं, “आनि पानी पयी गयं तं?”

“पयू दे,” आबा म्हणाला. “आपन दोन्ही त्याना मांगे जाऊत.”