मक्याची आमटी आणि तीन होल्ड पॉइंट

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फेरीत पास केली नाही, आणि यात मी त्यांचं स्वतःचं लग्नही धरते. नाशिकला मुलगी बघायला गेले तेव्हा कांदेपोहे खाऊन, "मोहरी नीट तडतडलेली नाही," असा शेरा त्यांनी मारला होता. हे काकू आम्हाला दरवर्षी नव्याने सांगत. "आणि तरी होकार दिलात?" असं कुणी विचारलं की काका गंभीर चेहऱ्याने म्हणत, "दुरुस्त होण्याजोगा दोष होता." इथे आखातात, मुसाफ्फातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. वेल्डिंगच्या सांध्यात सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी ते त्यांना दिसायचं, आणि दिसलं की अख्खा पाइप लाल फुली मिरवत परत जायचा. मी त्याच यार्डात डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे त्यांच्या फुल्यांचे कागद नंबर घालून फायलीला लावणारी. ऑफिसात ते मला "मॅडम" म्हणत. पाच वाजता गेटाबाहेर पाऊल पडलं की त्याच तोंडाने, "काय गं पोरी, गाडीत बसतेस का?" एकदा चुकून गेटाच्या आतच "पोरी" म्हणाले, तर बाहेर आल्यावर त्याबद्दल माझी माफी मागितली.

यार्डातून घरी आल्यावर माणूस इन्स्पेक्टरपणाचं हेल्मेट काढून ठेवतो अशी आपली समजूत असते. काका ते फक्त डोक्यावरून काढत. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार किती सेकंदांत बंद होतं हे त्यांना पाठ होतं, आणि एक सेकंद जास्त लागला की वॉचमनला खाली फोन जायचा. न्हाव्याकडे ते खिशात स्टीलची पट्टी घेऊन जात, कारण डावा कल्ला उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली येतो असा त्यांना कायमचा संशय होता. माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला सगळी मुलं केकभोवती तोंडाला पाणी सुटून उभी असताना यांनी केकशेजारी स्पिरिट लेव्हल ठेवली आणि म्हणाले, "टेबल बरोबर आहे. केक उतरता आहे." मुलगी म्हणाली, "आजोबा, इट्स ओके, वी विल ईट द हाय साइड फर्स्ट." यावर त्यांनी थोडा विचार केला आणि ही सुधारणा मान्य केली.

पण त्यांच्या शेऱ्यांचा खरा पाऊस पडायचा तो काकूंच्या स्वयंपाकावर. आमटीत मीठ अर्धी चिमूट जास्त. भाकरीचा पापुद्रा एका बाजूला जाड. कोशिंबिरीत काकडीचे तुकडे असमान. काकू कणभरही न चिडता म्हणत, "नोंद करून ठेवा, पुढच्या जन्मी सुधारीन." आणि सगळ्या शेऱ्यांनंतर काकांचं ताट असं लख्ख झालेलं असे की घासायला वेगळी मेहनत नको. मला सुरुवातीला काकूंची दया यायची. मग लक्षात आलं की जेवताना काका गप्प बसले तर काकूंचाच घास अडतो.

या काकूंची एक खासियत होती, मक्याची आमटी. तिचं खरं नाव पोसोले, ती मूळची मेक्सिकोची. आधी ही दोघं अल ऐनला राहत होती तेव्हा शेजारी मेक्सिकोहून आलेली एक नर्स होती. काकूंना गुडघ्यांसाठी रोज गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना ताकातून घ्यायची सवय. ती डबी बघून त्या नर्सबाईला इतका आनंद झाला की तिने काकूंना मिठीच मारली. तिच्या गावी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, सकाळी चोळून साल काढतात आणि मग तो तासन् तास उकळला की एकेक दाणा फुलासारखा उमलतो. त्यात हाडांसकट कोंबडी, आणि भिजवलेल्या लाल मिरच्यांचं लसूण घालून केलेलं वाटण. मिरच्या तिकडच्या मिळेनात, म्हणून काकूंनी बेडगी घातली आणि नर्सबाईने ती पास केली. वरून चिरलेला कोबी, मुळा, कांदा आणि लिंबू. इथे थंडी म्हणजे काय, तर एसी बंद करून खिडकी उघडता येते इतकीच. पण ती पडली की काकूंच्या घरून त्या आमटीचा वास जिन्याने वर यायचा आणि आम्ही वाट्या घेऊन खाली जायचो. सुपरमार्केटात तयार शिजवलेल्या मक्याचा डबा मिळतो. तो मी एकदा सुचवला, तर काका म्हणाले, "बारा दिरहम! म्हणजे सव्वादोनशे रुपये, आणि आत काय, तर दुसऱ्याने इन्स्पेक्ट केलेला मका."

मग साथीचं वर्ष आलं. काकू माहेरी नाशिकला गेल्या होत्या, त्या विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकल्या. पुढे त्यांचे वडील अंथरुणाला खिळले आणि त्या थांबूनच राहिल्या. इकडे काका दोन आठवडे तापाने पडले, आम्ही दाराबाहेर डबा ठेवून पळायचो, आणि एक दिवस ते पूर्वीसारखेच ताठ उभे राहून लिफ्टचे सेकंद मोजताना दिसले. त्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं की मक्याची आमटी बंद पडता कामा नये. फोनवर काकूंना विचारून विचारून त्यांनी तीन पानी मेथड स्टेटमेंट, म्हणजे कामाची टप्प्याटप्प्याने कृती, तयार केलं, त्याला नंबर दिला, आणि त्यात तीन होल्ड पॉइंट घातले. यार्डात होल्ड पॉइंट म्हणजे असा टप्पा, की बाहेरचा इन्स्पेक्टर येऊन, बघून, सही करेपर्यंत काम जागच्या जागी थांबलं पाहिजे. पहिला, मक्याचं साल सुटतंय का. दुसरा, दाणा उमलला का. तिसरा, चव. बाहेरची इन्स्पेक्टर मी.

"मॅडम, होल्ड पॉइंट तीन. खाली या," असा फोन यायचा. या कामापुरती मी घरीही मॅडम होते.

"काका, तुम्हीच चाखा ना, मी पोळ्या करतेय."

"स्वतःच्या कामाला स्वतः पास करायचं नसतं. गॅस बंद करून बसलोय. यल्ला, लवकर."

मी कपाळाला हात लावून उतरायचे. तव्यावर एक पोळी, मुलीचं गणित अर्धवट, आणि इथे हा माणूस चमचा, कागद आणि पेन मांडून बसलेला. मी चमचाभर तोंडात टाकून "छान आहे, काका," म्हणायचे आणि सही ठोकायचे. दोन हिवाळे मी अशाच सह्या केल्या. ज्या घाईच्या सह्यांसाठी यार्डात काका लोकांना उभं-आडवं झापत, तसल्याच.

संध्याकाळी काकूंचा फोन स्पीकरवर असायचा. मी वाटी परत द्यायला गेले की ऐकू यायचं, "आज कॅन्टीनमध्ये वांग्याचं भरीत केलं होतं. फर्स्ट क्लास!" कधी, "पोरीने उपमा पाठवला होता, उत्तम होता." तो उपमा मी पाठवला होता आणि तो गिच्च झाला होता. मला वाटलं, एकटेपणाने माणूस मऊ झाला. पलीकडून काकू एवढंच म्हणायच्या, "बरं."

तिसऱ्या हिवाळ्यात बातमी आली की काकूंच्या भावाने वडिलांना आपल्या घरी नेलं आणि काकू परत येणार. काकांनी त्यांच्यासाठी त्यांचीच आमटी करायचं ठरवलं, आणि आधीच्या शनिवारी दुपारी तालीम ठेवली. मी लिफ्टमधून बाहेर पडले तोच करपल्याचा वास आला. पॅसेजच्या टोकाला काकांचं दार उघडं होतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून मुळ्याच्या चकत्या व्हर्नियर कॅलिपरने मोजत होते. त्यांच्यापासून दोन हातांवर पातेल्यातली आमटी तळाला लागली होती.

"काका, करपलं!"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. यार्डात दुसऱ्या टोकाचा दोष हेरणारा माणूस, आणि त्याला नाकाखालचं कळलं नव्हतं. गॅस मीच बंद केला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो ताप आला तेव्हापासून. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले, येईल इन्शाल्ला. खलास, नाही आली." व्हर्नियर पुसून त्यांनी पेटीत ठेवला. "हिला सांगू नकोस, पोरी. आयुष्यभर तिने करायचं आणि मी नावं ठेवायची. आता ती काय करते ते मलाच कळत नाही, हे तिला कळलं, तर ती करणार कुणासाठी?"

मला तेव्हा दोन हिवाळ्यांच्या सगळ्या सह्या आठवल्या. या माणसाकडे जगात एकच जीभ उरली होती, माझी, आणि ती मी पोळीच्या घाईत वापरली होती. लाज वाटली, खरोखरची. मी म्हणाले, "काका, परत लावा मका. या वेळी मी बसते."

आणि बसले. काकू यायच्या दिवशी, विमान संध्याकाळचं होतं, सकाळपासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. दाणा दोन बोटांत दाबून पाहिला आणि म्हटलं, "अजून अर्धा तास." वाटण तीनदा चाखलं. शेवटी म्हटलं, "मीठ कमी आहे, लसूण कच्चा लागतोय, सही करणार नाही." काकांचा चेहरा असा उजळला, जसं काही मी त्यांना बक्षीस जाहीर केलंय. "रिजेक्ट!" ते कौतुकाने म्हणाले. "शाब्बास!" चौथ्या फेरीला मी सही केली. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी सही असेल.

काकू आल्या, हातपाय धुतले, टेबलाशी बसल्या. काकांनी स्वतः वाढलं. मी निघाले तर काकूंनी हाताला धरून बसवलं. त्यांनी दोन चमचे खाल्ले. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगा. कशी झालीय?"

"फर्स्ट क्लास," काका म्हणाले.

काकूंनी चमचा खाली ठेवला. "वास कधीपासून येत नाही तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात नकाराची मान हलवली.

"तिने कशाला सांगायला हवं?" काकू म्हणाल्या. "बत्तीस वर्षांत माझ्या एका भाजीला हा माणूस नुसतं बरी म्हणाला नाही, आणि फोनवर कॅन्टीनचं भरीत फर्स्ट क्लास? पहिल्याच महिन्यात कळलं मला. वडिलांना सोडून येता येईना म्हणून गप्प बसले. रोज रात्री वाटायचं, आज तरी कशाला तरी नावं ठेवतील."

काका खाली बघत म्हणाले, "म्हटलं, तुला वाईट वाटेल. करायची हौस जाईल."

"मी काय तुमच्या जिभेशी लग्न केलं होतं?" काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा खणखणीत. "घ्या चमचा. मी सांगते तसं खा. आधी लिंबू लागतंय, जरा जास्तच पिळलंय तुम्ही. आता मिरची, मागून येतेय, घशाशी. मका छान उमललाय. चावा. हां. मीठ अर्धी चिमूट जास्त."

"अर्धी?" काकांनी विचारलं आणि खिशातून पेन काढलं.

त्यानंतर वर्षभर रोज जेवताना काकू त्यांना ताटातलं एकेक सांगत आणि काका त्याला नावं ठेवत. वरपर्यंत ऐकू यायचं. पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले, व्हिसा संपला, आणि दोघं कायमची नाशिकला गेली. जाताना त्यांनी मला ते मेथड स्टेटमेंट लॅमिनेट करून दिलं, सातवी आवृत्ती, आणि शेजारी खायच्या चुन्याची डबी, तिच्यावर तीन भाषांत "खाण्याचा चुना" लिहिलेलं. नंतर आम्हीही अल रीम आयलंडवर राहायला आलो. इथे तिसाव्या मजल्यावर खिडकी फक्त चार बोटं उघडते. खाली कोण राहतं ते मला माहीत नाही, आणि लिफ्टचं दार किती सेकंदांत बंद होतं ते कुणी मोजत नाही.

गेल्या शुक्रवारी जरा थंडी पडली, म्हणून मी रात्री मका लावला. शनिवारी सकाळी साल सुटलं, दुपारपर्यंत दाणे उमलले, वाटण घातलं. कागदावर पुढची ओळ होती: होल्ड पॉइंट तीन, साक्षीदार येईपर्यंत गॅस बंद ठेवावा. मी गॅस बंद केला. मुलगी, आता चांगली उंच झालीय, दारातून म्हणाली, "आई, जस्ट टेस्ट इट युवरसेल्फ ना!" मी म्हटलं, स्वतःच्या कामाला स्वतः पास करायचं नसतं. ती खांदे उडवून गेली. मी नाशिकला फोन लावला; मी चव एकेक सांगीन, ती दोघं पास करतील. वाजून वाजून बंद झाला; तिकडे दुपारचे अडीच झालेले, दोघं जेवून पडली असतील. चार वाजता उठतील, चहा घेतील, मग फोन बघतील. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, स्टूल ओढलं, आणि चमचा, कागद, पेन मांडून बसून राहिले.