किडनीतली मधली जागा

रिसोडच्या एका कॉलेजात गफ्फारभाई तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होते. दर वर्षी खाटकाकडून बकऱ्याच्या किडन्या आणून, उभ्या चिरून पोरांपुढे मांडायच्या, हे काम त्यांचंच.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीचं, कशिशचं, पहिलं बाळ जन्मून दोन तासांत गेलं. दोन्ही किडन्या घडल्याच नाहीत, असं डॉक्टरांच्या कागदावर होतं. मेडशीला तिची सासू जुबेदा म्हणाली, "ग्रहणात सुरी धरली होती तिनं." महिन्याभरात कशिश माहेरी आली. ती धड जेवत नव्हती, बोलत तर नव्हतीच.

एका दुपारी गफ्फारभाई तो कागद घेऊन जीवशास्त्राच्या वैभवी मॅडमपुढे उभे राहिले. ग्रहणाचंही सांगितलं.

"इतक्या किडन्या कापल्या म्या. पण त्या पोटात घडतात कशा, कधी इचारलंच नाई."

मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं. "किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात. त्यांच्या मधल्या जागेतला भाग नुसता आधारापुरता आहे, असं आधी वाटायचं. पण गर्भात तोच शेजारच्या पेशींना सांगतो, वाढणं पुरे, आता गाळणी व्हा. हा निरोप बिघडला तर किडनी नीट घडत नाही. तुमच्या नातवाचं नेमकं काय बिघडलं, ते मला सांगता येणार नाही. पण सुरीचा त्याच्याशी संबंध नाही."

"म्हंजे पोरीचा कसूर नाई?"

"नाही, गफ्फारभाई."

शुक्रवारी नमाज झाल्यावर ते एस.टी.नं मेडशीला गेले. जुबेदा ओसरीत तूर निवडत होती, जावई परवेज दारात उभा होता. गफ्फारभाईंनी जमेल तसं सगळं सांगितलं.

"समधन, आतल्या आतच निरोप चुकला. पोरीले काहून बोल लावता?"

जुबेदाचा हात थांबला. ती म्हणाली, "परवेजच्या आंधी माहं एक असंच गेलं. सासूनं मलेबी हेच म्हटलं होतं."

परवेजला हे आजवर ठाऊक नव्हतं. तो खाली बसला.

आठ दिवसांनी जुबेदा रिसोडला आली. माफी मागणं तिला जमलं नाही. कशिशच्या शेजारी बसून तिनं एवढंच विचारलं, "नाव काय ठरवलं होतं त्याचं?"

"हसनैन," कशिश म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.