तिसरा नोड जिता होता

जोयड्याचा पोरगा जंगलात बसून लिहितोय म्हटल्यावर तुम्ही वाघाची वाट बघत असणार. न्हाई येत. ह्यात तीन सर्व्हर हायत, हुबळीच्या एका थंड खोलीत, आणि त्यांच्याकडं बघून बघून आंबलेला मी.

घरात रेंज न्हाई, म्हणून वरच्या खळ्यावर लॅपटॉप घेऊन बसतो. एकच डेटाबेस तीन सर्व्हरवर ठेवलाय, तिघांकडं तीच माहिती. एकेकाला नोड म्हणायचं. कोण चालू, कोण मागं पडलाय, कोण बंद, हेच दिवसभर बघायचं. तिसरा आठवडाभर कुरकुरत होता. डोळ्यांत वाळू गेल्यागत झालेलं.

हुबळीच्या ऑफिसात माझी सीनियर, तिला आम्ही अक्का म्हणतो. कॅसलरॉकची. त्या शनिवारी दुपारच्या गाडीनं आईकडं जाणार होती, तीन महिन्यांनी. तिन्ही नोड चालू दिसल्याशिवाय मात्र तिला हलता येत न्हवतं.

"मी जेवून येते," फोनवर म्हणाली. "लाल दिसलं तर तिन्हीकडनं विचार, मग मला सांग. हात लावू नको."

"व्हय अक्का."

थोड्या वेळानं स्क्रीनवर तिसरा लाल झाला. पहिल्या नोडवरनं विचारलं. तिसरा बंद, म्हणाला. आणखी दोघांना विचारायचं जिवावर आलं.

आमच्यात खोऱ्यापलीकडच्या घरात कोण हाय का बघायला कुकारा घालतात. उत्तर आलं न्हाई तर बा दुसऱ्या टेकडीवर जाऊन परत घालतो. मधी वारा असतो, झाडी असते. लहानपणापासनं बघतोय. तरी मी दुसऱ्या टेकडीवर गेलो न्हाई.

सर्व्हरच्या खोलीतले मामा फक्त अक्काचं ऐकतात. आणि अक्काचा आवाज मला काढता येतो, नाकातनं, शेवटचा शब्द ओढून. ऑफिसात काढला की ती पण हसते. खोलीतल्या लँडलाइनवर फोन लावला. "मामा, तिसरं मशीन बंद करून चालू कराss."

"आयतु मॅडम," म्हणाले, म्हणजे बरं, आणि केलं.

मग दुसऱ्या नोडवरनं बघितलं. तिसरा जिता होता. पहिल्याची आणि त्याची लाइन तेवढी तुटलेली. सकाळपासनं तो दुसऱ्याकडनं राहिलेली माहिती उतरून घेत होता, जरासंच उरलं होतं. आता सगळं पहिल्यापासनं. संध्याकाळ होणार.

अक्का जेवून आली, तिचा फोन आला. सगळं सांगितलं, माझ्याच आवाजात.

"माझा आवाज काढलास," ती म्हणाली, "तवा वाटलं न्हाई, ही बाई आधी काय विचारली असती? दुसऱ्या नोडला विचारलास का, हेच विचारली असती न्हवं? मामा बिचारे माझ्यावर विश्वास ठेवून बटण दाबले. आता माझ्या आईला फोन लाव. ती मला घ्यायला स्टेशनवर निघायच्या आत लाव. आणि माझ्या आवाजात न्हाई, तुझ्या. लेक का येईना, ते तूच सांग तिला, गाढवा."