करीमभाईची विहीर

गल्लीतल्या लोहाराने आज निखाऱ्यांवर पाणी मारलं आणि त्या ओल्या कोळशाच्या वासाने मला थेट निजामाच्या अमलातल्या परळीत नेऊन सोडलं. तिथे खाणीहून येणाऱ्या कोळशाच्या वखारीवर मी मुकादम होतो. धूळ उडू द्यायची नाही आणि ढिगाचं काळं पाणी खड्ड्यात जिरवायचं, एवढंच माझं काम.

साहेब पाहणीला येणार म्हणून मी करीमभाई पखालवाल्याकडून दिवसभर पाणी मारून घेतलं. खड्डा खणायचा कंटाळा, म्हणून उताराने चर काढून मोकळा झालो. धूळ बसली, साहेब खूश. माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करीमभाईने मला उताराखाली, त्याच्या विहिरीवर नेलं. पाणी शाईसारखं झालेलं.

"माझंच पानी काळं करून वापस दिलं की, मुकादम!"

"उपसून काढू," मी म्हणालो.

"लई शहाने हाव तुमी. तोवर लेकरं काय पितील?"

त्याने त्याच पाण्याने आपली कातडी पखाल भरली, "कोळशाला चालंल हे," म्हणत पाठीवर घेतली आणि कामाला निघाला.

राग गेला याचा, असं वाटून मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता कळतं, मुकादमावर रागवायची त्याची ऐपतच नव्हती.