मागं व्हा, आधी पाय धुवा

या सदरातले अनुभव मी जेवणानंतर बडीशेप खावी तसे वाचते. गंमत म्हणून. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. माझं माहेर पाथर्डीकडचं. शाळेतल्या मुली ज्या चिंचेखालून भर दुपारी जायला घाबरायच्या, त्याच चिंचेखाली मी डबा खायचे. सावली चांगली होती आणि डब्यात वाटेकरी नसायचे. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हाही अंगात येणाऱ्या बायकांबद्दल मुलांनी विचारलं की मी त्यांना सरळ डॉक्टरकडे न्यायला सांगायचे. म्हणून हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय. पण लिहिते.

आम्ही दोघं बोटीवर राहतो. हो, बोटीवरच. आणि कोकणात नाही, आपल्या नगर जिल्ह्यात — भंडारदऱ्याच्या पाण्यावर, शेंडीहून आत जाणाऱ्या रस्त्याला लागून एक छोटी जेट्टी आहे तिथे. जेट्टी किसन नावाच्या ओळखीच्या माणसाची आहे, तो पर्यटकांना फिरवायच्या होड्या चालवतो. माझे मिस्टर — यापुढे नुसतं ‘हे’ म्हणेन — भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सगळी नोकरी गाड्यांखाली आडवं पडून काढली आणि रिटायर झाल्यावर म्हणाले, “आता मला पाण्यावर राहायचंय.” मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. तर यांनी कोकणातून केबिन असलेली एक जुनी फायबरची बोट घेतली, ट्रेलरवर घालून घाटातून वर आणली आणि वर्षभर खपून दुरुस्त केली. नाव ठेवलं ‘निवांत’. होड्यांची इंजिनं हे बघतात (किसन यांना मिस्त्रीच म्हणतो), त्या बदल्यात आम्हाला जेट्टीला बोट बांधायला जागा. पावसाळ्यात मात्र आम्ही भिंगारच्या घरी जातो. भंडारदऱ्याचा पाऊस सोसायची माझी तयारी नाही.

आत काय आहे? समोरासमोर दोन बाकं, तीच रात्री पलंग होतात. दोन शेगड्यांचा गॅस, छपरावर सोलर, एक पंखा आणि एक संडास, ज्याबद्दल न बोललेलं बरं. जिच्या माहेरी टँकर आला की शाळा सोडून धावायचं, ती बाई रोज चहूकडे पाणी बघत भाकरी थापते. सुरुवातीला मला रडूच यायचं, पण सवय झाली. नंतर आवडायलाही लागलं, हे यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढचं कळायला दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट पायांची. खाली शेतीला आवर्तन सुटलं की धरणाचं पाणी उतरतं आणि काठावर काळा गाळ उघडा पडतो. जेट्टी पुढे सरकवायची, मागे गाळावर फळ्या टाकायच्या, असं उन्हाळाभर चालतं. फळ्यांवरून कितीही जपून या, पाय भरतातच. म्हणून माझा नियम — जेट्टीच्या टोकाला भरलेली बादली आणि प्लास्टिकचा मग; पाय धुतल्याशिवाय कुणी बोटीत पाऊल टाकायचं नाही. बाहेरचे सगळे पाळतात. घरचा माणूस पाळत नाही. त्यामुळे “पाय धुतलेत का?” हा प्रश्न मी दिवसातून किती वेळा विचारते ते मोजायला बसले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बोट झुकते. बोटीवर राहणाऱ्याला कोण आलं हे बघावं लागत नाही. जेट्टीवरून कुणी पाऊल टाकलं की बोट त्या बाजूला झुकते आणि प्रत्येकाचं झुकणं वेगळं असतं. होड्या चालवणारा किसन उडी मारून येतो, तेव्हा भांडी वाजतात. त्याची बायको आली तर कळतही नाही. यांचा उजवा गुडघा दुखरा आहे. हे आधी दाराशेजारच्या पाईपला धरून डावा पाय टाकतात — बोट झुकते. मग थांबतात. मग दुसरा पाय ओढून घेतात — बोट आणखी झुकते. झुकणं, थांबणं, पुन्हा झुकणं. झोपेतही मला कळतं की हे आले.

आता त्या दिवसाचं. उन्हाळा होता, राजूरचा बाजार होता आणि आमचं सकाळीच वाजलं होतं. आमचा मुलगा नीलेश संगमनेरला असतो. त्याने नवा फ्लॅट घेतला, त्यात एक खोली आमच्यासाठी ठेवली आणि तो सारखा म्हणायचा, आता पुरे, इकडे या. यांना आठवडाभर छातीत जळजळत होतं. हे म्हणत ॲसिडिटी आहे. मी म्हटलं, “संगमनेरला चला, डॉक्टरला दाखवू आणि चार दिवस राहू पोराकडे.”

“म्हंजे एकदा गेलो की तुमी मायलेकं मला परत येऊ देनार न्हाई. कळतंय मला.”

“काय कळतंय? तोंड बघा आरशात, कसं दिसतंय ते!”

“मला काय झालेलं न्हाई. पंपाचं रबर गेलंय, ते आनतो राजूरहून. जेवायला काय?”

“पिठलं!” मी म्हटलं. यांना पिठलं आवडत नाही.

हे मोटारसायकल घेऊन गेले. मी धुसफुसत भांडी घासली. थोड्या वेळाने किसनची बायको दोन चिलापी देऊन गेली — सकाळीच जाळ्यात आलेल्या, ताज्या. यांना चिलापी म्हणजे जीव की प्राण. राग होताच, पण हात आपोआप मसाला वाटायला लागले. संसार असाच असतो, काय करणार.

दुपारी मी गॅसपाशी उभी होते, दाराकडे पाठ. कढईत तुकडे तळत होते, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. आणि बोट झुकली. थांबली. पुन्हा झुकली.

मला वाटलं, आले. मी वळले नाही, कारण वळले असते तर हसू आलं असतं, आणि मला इतक्यात हसायचं नव्हतं. तशीच म्हणाले, “आलात? पाय धुतलेत का?”

उत्तर नाही. रुसवा चालूच असणार. ताटलीत लिंबू ठेवलं होतं, ते घरंगळत डावीकडे गेलं आणि ओट्याच्या कडेला अडकलं. कढईतलं तेल एका बाजूला आलं. हे दारातच उभे होते, आत येत नव्हते आणि बाहेरही जात नव्हते. मला आणखीच राग आला.

“चिखलाचे पाय घेऊन आत यायचं नाही, सांगून ठेवते. मागं व्हा. आधी पाय धुवा, मगच जेवण.”

बोट तशीच राहिली... मग हळूच अर्धी सरळ झाली. थांबली. मग पूर्ण सरळ झाली. म्हणजे हे उतरले, बादलीकडे गेले. मी गॅस बंद केला, ताट वाढलं, लिंबू कापलं. हे येईनात. शेवटी बाहेर डोकावले.

जेट्टीवर कुणी नव्हतं. बादली काठोकाठ भरलेली, तिच्याशेजारी प्लास्टिकचा मग पालथा, कोरडा. जेट्टीच्या फळ्या कोरड्या ठणठणीत. मोटारसायकल नव्हती. होड्या सगळ्या बांधलेल्या होत्या, दुपारी पर्यटक नसतात. पाणी बशीतल्यासारखं स्थिर. मी दोनदा हाक मारली. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. मला वाटलं, हे कुठेतरी लपून माझी गंमत करताहेत. रागावलेले असले की असले पोरकट प्रकार करतात.

तेवढ्यात रस्त्याकडून किसन फळ्यांवरून धावत येताना दिसला.

“ताई, घाबरू नका, पर लगीच चला. मिस्त्री राजूरात पडल्यात. दुकानवाल्याचा फोन आल्ता. लोकांनी दवाखान्यात नेलंय.”

“पडले म्हणजे? गाडीवरून?”

“न्हाई वो... दुकानातच. छातीला हात लावला अन् बसले खाली.”

वाढलेल्या ताटातून अजून वाफ येत होती. ते ताट तसंच सोडून मी त्याच्या जीपमध्ये बसले.

राजूरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. एकच गोष्ट आठवते — डोक्यात माझाच आवाज होता. मागं व्हा. मागं व्हा. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात शेवटचं बोलणं हे? माणूस दारात आला आणि मी त्याला हाकललं? बोटीवर कुणी आलंच नव्हतं, हे मला डोळ्यांनी दिसलं होतं. तरी मला दुसरं काही वाटतच नव्हतं. पदर तोंडात धरून बसले.

हे वाचले. आधीच सांगून टाकते, उगाच ताणत नाही. राजूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की यांचं हृदय बंद पडलं होतं. त्यांनी छाती दाबली, शॉक दिला, जवळजवळ आशा सोडली होती, आणि मग नाडी लागली. तिथून ॲम्ब्युलन्सने संगमनेर, तिथे अँजिओप्लास्टी. आयसीयूच्या काचेतून मी यांचे पाय बघायचे. चादरीतून बाहेर आलेले, स्वच्छ. मला ते बघवायचे नाहीत.

हे वॉर्डात आल्यावर एका सकाळी मी मोसंबं सोलत होते. नीलेश औषधं आणायला खाली गेला होता. हे छताकडे बघत म्हणाले, “तू लई कडक बोलतीस.”

“आता काय बोलले मी?”

“आता न्हाई. त्या दिवशी. मी आल्तो ना बोटीवर.”

माझ्या हातातली फोड तशीच राहिली.

“चिलापी तळत हुतीस,” हे म्हणाले. “मला वाटलं, पिठलं म्हनली आन् चिलापी करतीय. बरं वाटलं. आत येऊन बसावं वाटलं, लई दमलो हुतो. तर तू म्हनलीस, मागं व्हा, पाय धुवा. मग काय... गेलो मागं. पर बादलीच घावंना. आन् तेवढ्यात छातीवर कुनीतरी बसल्यावानी झालं.”

मी म्हटलं, “मी काय म्हटलं ते तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोन सांगनार? तू एकलीच तर हुतीस.” मग हे म्हणाले, “तू मागं वळून बघितलंच न्हाईस. बघितलं असतंस ना, तर मी पाय न धुताच आलो असतो आत.”

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

आता माझ्यातली विज्ञानाची बाई काय म्हणते तेही लिहिते, नाहीतर तुम्हीच लिहाल. नीलेश म्हणतो, “आई, तुझे डायलॉग बाबांना पाठ आहेत. बेशुद्धीत तेच ऐकू येणार, दुसरं काय?” बरोबर आहे. मी रोज तेच बोलते. पण चिलापीचं काय? ती यांनी निघताना कुठेच नव्हती. किसनच्या बायकोला विचारलं, ती म्हणाली मासे देणार हे तिनेही आधी कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाच माहीत नव्हतं. आणि बोट? लाट म्हणावी तर होड्या बांधलेल्या होत्या, वारा नव्हता. शिवाय लाटेने बोट डुलते, एका बाजूला झुकून राहत नाही. मी नंतर प्रयोगही केला — पाण्याचे कॅन दारापाशी ठेवत गेले. लिंबू घरंगळायला एका अख्ख्या माणसाएवढं वजन लागलं. किसनला हे सगळं सांगितलं तर तो लांब सरकला. “ताई, ते कॅन आधी उतरवा,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने काठावर नारळ फोडलेला दिसला.

डिस्चार्जनंतर आम्ही संगमनेरच्या फ्लॅटमध्ये राहिलो. सून चांगली आहे, नातू गोड आहे, दवाखाना जवळ. तरी हे दिवसभर गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायचे. आणि खरं सांगू? मलाच तिथे करमेना. फरशी जागची हलत नाही. मी स्वयंपाकघरात असले आणि मागे कुणी येऊन उभं राहिलं, तर पायांना काही कळत नाही. दचकून सारखी वळून बघायचे मी. शेवटी दिवाळीनंतर मीच म्हटलं, “चला बोटीवर.” नीलेश चिडला, मग अटी घातल्या — महिन्याला तपासणी, मोटारसायकल बंद, किसनची जीप कायम तयार. सगळ्या मान्य केल्या.

आज हे लिहितेय तेव्हा हे जेट्टीवर कुणाच्या तरी इंजिनात डोकं घालून बसलेत. घरात सगळं पहिल्यासारखं आहे, फक्त एक गोष्ट बदलली. बोट झुकते, थांबते, पुन्हा झुकते... तेव्हा मी वळत नाही. हातातलं काम थांबतं, श्वासही थांबतो, पण मान वळवत नाही. आधी विचारते, “पाय धुतलेत का?”

मध्यंतरी एकदा यांनी गंमत म्हणून उत्तरच दिलं नाही. मी इतकी ओरडले, “मागं व्हा! मागं व्हा!” की पलीकडच्या होडीतून किसन उडी टाकून आला. हे बादलीशी जाऊन मुकाट्याने पाय धुऊन आले आणि माझ्या शेजारी बसले.

त्या दुपारी दारात कोण उभं होतं, मला माहीत नाही. उत्तर मिळेल असंही वाटत नाही. पण तेव्हापासून हे न चुकता बाहेरूनच ओरडतात — “धुतले गं, धुतले!” — आणि मगच मी वळून बघते.