पायरीवरचा तांब्या

"आन् तिच्या हातचं पाणी प्यालीस?" आण्णांनी तंबाखू थुंकून पुन्हा विचारलं.

"न्हाय प्याले, सांगितलं की."

"मग रडाय काय झालं? न्हाय प्यालीस तर मिटलं."

"न्हाय प्याले म्हणूनच रडतीया," तानाबाई म्हणाली.

सून पद्मजा दारात गवारी मोडत मान खाली घालून बसली होती. चर्चमध्ये झाडलोट करणारी बाई म्हणजे नवऱ्याची आत्या निघाली, हे तिच्याच तोंडून सुटलं होतं.

तानाबाई कागलहून लग्न होऊन या घरात आली ती थेट म्हशींच्या गोठ्यात. सासू सांगेल तेवढं, नवरा सांगेल तेवढं. गल्लीत तिचं नाव चांगलं होतं, कारण तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. नणंदेलाही ती नाही म्हणाली नव्हती. तिनं फक्त पाणी वरून घातलं होतं.

नणंद म्हणजे बायडाबाई, आण्णांची धाकटी बहीण. नवरा गेला, पाठोपाठ पोर तापानं फणफणलं. वैद्यानं हात टेकले तेव्हा ती पोराला घेऊन मिशनच्या दवाखान्यात राहिली, तिथलंच जेवली. पोर वाचलं नाही. ती एकटी माहेरी आली तर सासूनं, म्हणजे तिच्याच आईनं, उंबऱ्यावर अडवलं. तिनं पाणी मागितलं. "वरनं घाल," सासू म्हणाली. ज्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत त्यांना घालावं तसं तानाबाईनं घरच्या लेकीच्या ओंजळीत उंचावरून पाणी घातलं. बायडाबाई प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि निघून गेली.

ती किरिस्ताव झाली ती त्यानंतर. घरात मात्र सगळे उलटं सांगत: ती बाटली म्हणून तिला आत घेतली नाही. आण्णांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि दर सर्वपित्रीला कौलांवर तिचंही पान ठेवायला लावलं. तिला आवडतात म्हणून तानाबाई त्या पानावर वडे जास्त वाढायची. कावळा शिवला की आण्णांना हायसं वाटे. तानाबाईला वाटत नसे.

गोऱ्यांच्या पलटणीसाठी बांधलेल्या त्या जुन्या चर्चचं छप्पर कधीच पडलं होतं, भिंतीतून पिंपळ वर आले होते. बाजूची एक खोली तेवढी शाबूत, त्यात नदीकाठी खणताना सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या. पद्मजाला त्या बघायच्या होत्या म्हणून आज सासू-सून तिथं गेल्या होत्या. ती आत मणी बघत राहिली आणि तानाबाई बाहेर पायरीवर टेकली. हातात खराटा घेतलेली एक बाई समोर येऊन थांबली.

"वैनी न्हवं? केवढी म्हातारी झालीस गं!"

"तू काय तरणी हायस व्हय?" आवाज ओळखून तानाबाईच्या तोंडून निघून गेलं. दोघी हसल्या.

"फुटकी गाडगी पुसती मी हितं," बायडाबाई म्हणाली. "आपल्यात असली उकिरड्यावर जायची. हितं काचंत ठेवल्यात."

'आपल्यात' म्हणाली ती. मग तिनं पाणी आणलं. ऊन चांगलंच होतं. तांब्याला शिवायला नको म्हणून तानाबाईनं ओंजळ पुढं केली.

"वंजळ कशाला, वैनी? घे की हातात."

तानाबाईनं तांब्या घेतला. तेवढ्यात पद्मजा बाहेर आली. सून बघतेय एवढंच तिला पुरलं. तांब्या पायरीवर ठेवून ती म्हणाली, "तहान न्हाय एवढी." बायडाबाईनं ते पाणी शेजारच्या झाडाला घातलं आणि विचारलं, "आण्णा बरा हाय न्हवं?"

"परवा अमावस्या," आण्णा आता म्हणत होते. "दरवर्षीसारखं तिचं पान ठेव, म्हंजे डोकं ठिकाणावर येईल."

"जित्या माणसाचं पान?"

"आपल्याला मेली ती."

"आण्णा बरा हाय न्हवं, म्हणून इचारलं त्या मेलेलीनं."

आण्णा तंबाखूची पिशवी चाचपत राहिले. दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला मुलगा कृष्णात दारातच थबकला. "आई, गल्लीत कळलं तर आपलं दूध कोण घ्यायचं न्हाय."

"मी पाणी वरनं घातलं, तवा घेत हुती की सगळी." तानाबाईनं डोळे पुसले. "आता ऐका. उद्या मी तिकडं जाणार, तिच्या तांब्यातलं पाणी पिणार. अमावस्येला ती यील म्हणाली तर हितं माझ्याशेजारी जेवाय बसंल. न्हाय आली तर मी तिकडं डबा घेऊन जाईन. कौलावर पान जायाचं न्हाय. ज्याला पंगतीला बसायचं नसंल त्यानं आपलं ताट गोठ्यात घ्यावं."