आरशातलं तोंड

तुमच्या लेकराच्या तोंडून आवाज निघतो की नुसते ओठ हलतात, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? रागावू नका. याच प्रश्नाने एका बाईंच्या चोवीस वर्षांच्या नोकरीची एका सकाळी माती केली.

पहिलीला त्या इंग्रजी शिकवत. शाळा त्यांना आरसेवाल्या बाई म्हणे, कारण त्यांच्या कपाटात अठ्ठेचाळीस हातआरसे होते, दर पोराला एक. ‘कॅट’ला जबडा खाली पडला पाहिजे, ‘केक’ला ओठ कानांकडे ताणले पाहिजेत, ‘कोट’ला चंबू. तोंड जमलं की मगच फळ्यावर अक्षरं. ‘केक’च्या शेवटी ई लिहायचा, वाचायचा नाही. “तो हजेरीपुरता येतो आणि झोपतो, तुमच्यासारखा,” बाई म्हणत. पोरं खिदळत.

पाच वर्षांपूर्वी बाईंचे कान दगा देऊ लागले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग पोरांचे बारीक आवाज.

“अगं, यंत्र घे कानाला,” नवरा म्हणाला. “किती दिवस झाकशील?”

“यंत्र दिसलं की वर्ग काढून घेतील आणि बसवतील मागच्या खोलीत पुस्तकांवर शिक्के मारत. मला ओठ दिसतात, तेवढं पुरतं.”

आणि पुरलं हो. इतकी वर्षं तोंडं न्याहाळलेल्या बाईला ओठांवरून स्वर ओळखणं म्हणजे हातचा मळ. मोठ्या बाईंना पत्ता नाही. कसा लागणार? त्या हजेरीपत्रक बघायच्या, वर्ग नाही.

यंदा पहिल्या बाकावर शिंपीणबाईंची मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. आरशात बघून ती असे काही ओठ वळवायची की बाई हरखून जात. तिची वही चांदण्यांनी भरली होती.

“बाई, घरी ती बोलतच नाही हो,” तिची आई एकदा फाटकाशी म्हणाली. “डॉक्टरला दाखवू का?”

“कशाला? वर्गात येऊन बघा, पोपट आहे नुसता.”

आई निर्धास्त होऊन शिलाईकडे परतली.

सात महिन्यांनी वरून तपासणीच्या मॅडम आल्या. प्रत्येक मुलाचे दहा शब्द त्या फोनमध्ये रेकॉर्ड करून घेत होत्या. बाईंनी चिमणीला मुद्दाम पहिली उभी केली. तिने आरसा धरला, दहाही शब्द म्हटले. एकही ओठ चुकला नाही. बाईंनी अभिमानाने मान वर केली.

मॅडमनी फोन कानाला लावला, पुन्हा लावला. मग त्या बाईंकडे वळल्या.

“यात काहीच नाही. मुलगी नुसतं तोंड हलवतेय. तुम्हाला कळलं नाही?”

बाईंनी हे ओठांवरून वाचलं. आपण चूक वाचलं असावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

“ती कधीच बोलत नाही,” शेजारची पोरगी बाईंसमोर येऊन म्हणाली. “आम्हाला सगळ्यांना माहितीये.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही तिला चांदण्या देत होता ना.”

दुपारी शिंपीणबाई आली, गळ्यात मापाची टेप तशीच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी दाखवणार होते, बाई. तुम्ही म्हणालात पोपट आहे.”

तिच्या ओठांवरचा शब्द न् शब्द बाईंना कळला.

आता डॉक्टर म्हणतात, वाचा कधी येईल ते सांगता येत नाही. आरसे खोक्यात गेले. बाई मागच्या खोलीत शिक्के मारतात. शाळेने सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं आणि हात झटकले. चूक बाईंची होतीच. पण चोवीस वर्षांत एकदाही वर्गाचं दार न उघडणाऱ्यांची नव्हती? चिमणी मधल्या सुट्टीत त्या खोलीच्या खिडकीशी येते, काचेत बघून नुसत्या ओठांनी ‘केक’ म्हणते. बाई खाली मान घालतात.

म्हणून एक मागणं आहे. उद्या अर्धा तास काढा, लेकराच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसा आणि डोळे मिटून ऐका.